वाचावे, पाहावे आणि विचारावे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आज मला बोलायला उभे केले आहे याचे तुमच्यापेक्षा मलाच जास्त नवल वाटते आहे. दरवर्षी या दिवशी मी आत चहाच्या पातेल्यापाशी असते. यंदा अध्यक्षताई घरी आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही वाचनालयातून सारखी पुस्तके आणता, सिनेमे पाहता, फोनवरही तुमचा हात चालतो. आम्ही बायकांनी काय वाचावे, काय पाहावे आणि फोनमध्ये काय ठेवावे, ते तुम्ही सांगा." मी म्हटले, "अहो ताई, मी सातवी पास. मी काय सांगणार?" तर त्या म्हणाल्या, "म्हणूनच सांगा. शिकलेली बाई सांगू लागली की बाकीच्या नुसत्या माना डोलावतात." यावर मला उत्तर सुचले नाही, आणि म्हणून मी आज तुमच्यापुढे उभी आहे.

माझे माहेर पाटण तालुक्यातले. गावात शाळा सातवीपर्यंत. आठवीला जायचे तर नदी ओलांडून जावे लागे. पावसाळ्यात मुलीला कसे पाठवायचे, असे वडील म्हणाले आणि माझी शाळा तिथेच थांबली. लग्न होऊन कऱ्हाडला आले. पुढे मुलगी शाळेत जाऊ लागली, तेव्हा तिच्या शाळेच्या वाटेवरच वाचनालय आहे असे दिसले. तिला सोडून येताना आत डोकावले, वर्गणी भरली, आणि तेव्हापासून पुस्तकांची सवय लागली ती आजतागायत.

चांगले-वाईट ओळखण्याची माझी रीत अगदी साधी आहे. पुस्तक मिटल्यावर, सिनेमा सुटल्यावर किंवा फोन खाली ठेवल्यावर मी स्वतःला विचारते, की बाई, यातून तुला काय मिळाले? कुणाला सांगावेसे, कुणाला विचारावेसे किंवा उद्या करून पाहावेसे काही हाताला लागले का? लागले असेल तर ते चांगले. नुसताच वेळ गेला असेल तर ते दुसऱ्या खेपेला नको. शेवटी मला एक कबुलीही द्यायची आहे. पण ती शेवटी.

आता पहिल्याने पुस्तके.

पहिले पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'. १९३४ पासून ते भागाभागाने प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाईंचे लग्न झाले तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. कवी नारायण वामन टिळक हे त्यांचे यजमान. त्यांनी बायकोला शिकवायला घेतले, पण स्वभाव तापट. त्यामुळे ते शिक्षण कसे झाले असेल याची कल्पना करा! पुढे टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, संसाराची फाटाफूट झाली, आणि काही वर्षांनी लक्ष्मीबाईही आपल्या विचाराने त्या धर्मात गेल्या. टिळकांच्या मागे त्यांचा अपुरा राहिलेला 'ख्रिस्तायन' हा ग्रंथ या बाईंनी पुरा केला. म्हणजे पाहा, अक्षरओळख नसलेली मुलगी कुठवर गेली!

पण मला हे पुस्तक आवडते ते वेगळ्या कारणाने. या बाई आपली फजिती लपवीत नाहीत. वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक, घरातली भांडणे, स्वतःचा भाबडेपणा, झालेल्या चुका, सगळे त्या आपण होऊन सांगतात आणि सांगता सांगता हसतात. पुस्तक जाडजूड आहे, भाषा जुनी आहे. काही जणींना सुरुवातीची पाने जड जातील. त्यांनी दुपारी भांडी आटोपल्यावर रोज चार पाने वाचावीत. आठवडाभरात लक्ष्मीबाई शेजारीण होऊन बसतील.

दुसरे पुस्तक बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं'. ते १९८६ साली पुस्तकरूपाने निघाले. बेबीताई आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या, फलटणच्या. तिथे त्यांचे छोटे दुकान होते. पुड्या बांधायला आलेल्या रद्दीतले कागद त्या वाचायच्या. आपल्या महार समाजाचे गावातले जिणे, बाबासाहेबांच्या चळवळीने आलेली जाग आणि घराघरातला सुनांचा छळ हे सगळे त्यांनी लिहून काढले. ते लिखाण घरात कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे लपवून ठेवले होते. हे पुस्तक वाचून सुख होणार नाही. मी दोनदा मिटून ठेवले. माझ्या माहेरच्या गावात वेशीबाहेरची वस्ती होती, तिथल्या मुली माझ्या वर्गात होत्या, आणि त्यांच्या घरी पाणी कुठून येते हे मी सात वर्षांत एकदाही विचारले नव्हते. हे त्या पुस्तकाने मला दाखवले. असे पुस्तक घरात असावे.

तिसरे पुस्तक ऐकून तुम्ही हसाल. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा', १९७० सालचे. तुम्ही म्हणाल, हे तर आमच्या सासूबाईंच्या फळीवर आहे. आहेच. पण ते एकदा पुस्तक म्हणून वाचा. किती कुटुंबात नव्या सुनेला कुणी धड सांगत नसे. "अंदाजाने घाल" म्हणायचे आणि बिघडले की बोलायचे. कमलाबाईंनी तो अंदाज वाटी-चमच्याच्या मापात सांगितला. घरात तराजू नसला तरी चालेल आणि कुणापुढे तोंड वेंगाडायला नको. आपल्याला येते ते दुसरीला समजेल अशा रीतीने सांगणे ही मोठी विद्या आहे. माझी एकच तक्रार आहे. तेल-साखरेचे जुने माप आता आपल्या वयाला आणि आपल्यातल्या मधुमेहाला मानवत नाही, ते थोडे हात राखून घ्यावे.

आता चित्रपट.

'श्यामची आई' हे साने गुरुजींचे पुस्तक. गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यावर आचार्य अत्र्यांनी १९५३ साली चित्रपट काढला. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले. वनमालाबाईंनी आईचे काम केले आहे. मी तो मुलीबरोबर पाहिला आणि पदर ओला झाला. मुलगी मात्र म्हणाली, "आई, सगळे श्यामच्या आईनेच का सोसायचे?" मी आधी रागावले, मग विचार करीत बसले. चित्रपट पाहावाच, पण मुलांना आणि त्यांच्या वडिलांनाही शेजारी बसवून पाहावा, आणि नंतर हा प्रश्न घरात निघू द्यावा.

त्यानंतर देशातल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान पुन्हा मराठीला मिळायला पन्नास वर्षे लागली. २००४ साली तो मान 'श्वास'ला मिळाला. कोकणातले एक आजोबा नातवाला घेऊन शहरात डॉक्टरकडे येतात. पोराच्या डोळ्यांना कर्करोग झालेला असतो. जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागणार, आणि हे त्या एवढ्याशा मुलाला सांगायचे कुणी? अरुण नलावडे यांनी ते आजोबा केले आहेत. आजोबा दवाखान्यात बावरतात, पण विचारायचे सोडत नाहीत. हे काय, ते कशाला, दुसरा उपाय नाही का? ते पाहताना मला आमचे दवाखान्यातले वागणे आठवले. डॉक्टर काय म्हणाले ते कळलेले नसते, तरी आपण मान हलवून बाहेर येतो आणि औषधाची चिठ्ठी मुलाच्या हातात देतो. मन हळवे असेल त्या दिवशी हा चित्रपट लावू नका. पण कधीतरी पाहाच.

'इंग्लिश विंग्लिश' हा २०१२ सालचा हिंदी चित्रपट. गौरी शिंदे यांचा. यात श्रीदेवीने पुण्याची शशी गोडबोले केली आहे. ती घरी लाडू करून विकते. इंग्रजी येत नाही म्हणून नवरा आणि मुलगी तिची थट्टा करतात. भाचीच्या लग्नासाठी ती एकटी न्यूयॉर्कला जाते आणि घरच्यांना न सांगता इंग्रजीच्या वर्गात नाव घालते. तिथे उपाहारगृहात साधी कॉफी मागताना तिची जी त्रेधा उडते, ती पाहताना मला हसू आले नाही. आपल्यातल्या बऱ्याच जणींना येणार नाही. दोष सांगायचा तर चार आठवड्यांत एवढे बोलता येणे मला पटले नाही. मला चार वर्षांत दुकानाच्या पाट्या वाचता येऊ लागल्या! पण एक गोष्ट खरी दाखवली आहे. वर्गात सगळेच चुकत होते, म्हणून तिला चुकायची भीती वाटेनाशी झाली.

'बाईपण भारी देवा' २०२३ साली आपण कितीजणी मिळून पाहिला ते सांगायला नको. दुरावलेल्या सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात. हसलो, फुगड्या घालाव्याशा वाटल्या. मनात वर्षानुवर्षे धरलेली अढी शेवटाकडे जरा लवकरच सुटते, खऱ्या संसारात ती इतकी पटकन सुटत नाही. पण त्या रात्री आमच्या जाऊबाईंना मी तीन वर्षांनी आपण होऊन फोन केला, तेव्हा तिकिटाचे पैसे वसूल झाले असेच मी म्हणेन.

आता फोन. मुलांच्या भाषेत ॲप. पुष्कळ जणींना वाटते की फोन म्हणजे वाया जाणे. अगदीच खोटे नाही. त्या छोट्या छोट्या फिती एकामागून एक सरकवत बसले की अर्धा तास कुठे गेला कळत नाही, आणि काय पाहिले विचारले तर आठवत नाही. माझ्या कसोटीला त्या उतरत नाहीत. पण तीन गोष्टी मला फार उपयोगी पडल्या आहेत.

पहिली, मराठीत बोलून लिहिणे. अक्षरांच्या फळीवर माइकचे चिन्ह असते. ते दाबून मराठीत बोलले की फोन लिहून घेतो. भाषा मराठी निवडलेली असली पाहिजे एवढेच. ज्यांना लिहायला संकोच वाटतो त्यांनी हे आजच शिकून घ्यावे. चुका होतात, म्हणून पाठवण्याआधी वाचून पाहावे. माझ्याकडून एकदा "वडी"चे "गाडी" होऊन गेले आणि वहिनींनी कुठली गाडी घेतली म्हणून पेढे मागितले!

दुसरी, गूगल ट्रान्सलेट. त्यातला कॅमेरा इंग्रजी मजकुरावर धरला की मराठी अर्थ दिसतो. खताच्या पिशवीवर, वीजबिलावर, शाळेच्या सूचनेवर मी धरून पाहते. अर्थ थोडा वेडावाकडा येतो, पण विषय कळतो. औषधाच्या बाबतीत मात्र त्यावर विसंबू नका. डॉक्टरांचे अक्षर माणसालाच लागत नाही, तिथे यंत्राला काय लागणार? ते दुकानदाराला नाहीतर डॉक्टरांना विचारावे.

तिसरी, पुस्तके ऐकवणारी ॲप. 'स्टोरीटेल'वर मराठी पुस्तके भरपूर आहेत. पोळ्या लाटताना, शेंगा फोडताना कानावर पुस्तक पडते. डोळे अधू झालेल्या आमच्या सासूबाईंना त्याचा फार आधार वाटतो. महिन्याला पैसे पडतात, म्हणून वाचणाऱ्यांनी आधी वाचनालयाची वर्गणी भरावी आणि मगच याचा विचार करावा.

आणि आता ती कबुली.

फोनवरून पैसे देण्याची यूपीआयची सोय आपल्या देशात २०१६ साली सुरू झाली. आपल्या मंडळाचा दिवाळीचा फराळ त्यावरच विकला जातो. २०२२ च्या दिवाळीत ऑर्डरी घ्यायला फोन माझा दिला होता. एके दुपारी एका गृहस्थाचा फोन आला. शुद्ध, आदबशीर बोलणे. "ताई, आमच्या कॅन्टीनला दहा किलो चिवडा हवा, पैसे आगाऊ देतो." खात्री पटावी म्हणून त्याने आधी पाच रुपये पाठवले आणि ते खरोखर जमा झाले. मग त्याने चौकटीचे ते चित्र पाठवले आणि सांगितले, "हे स्कॅन करा आणि पिन टाका, म्हणजे पैसे तुमच्या खात्यात येतील." मी पिन टाकला. ३,४०० रुपये आले नाहीत, गेले. स्क्रीनवर इंग्रजीत लिहिलेले होते, पण मला ते वाचता आले नाही, आणि घरात मुलगी होती तरी तिला विचारले नाही. ती हसेल असे वाटले.

मी कुणालाही सांगितले नाही. मुलीच्या क्लासच्या फीसाठी डब्यात ठेवलेले पैसे काढून मंडळाचा हिशेब पुरा केला. वहीत ३,४०० बरोबर आहेत. खजिनदार ताईंनी पाहिजे तर पाहावे. घरात फी उशिरा का भरली याला मी दुसरेच कारण सांगितले.

दोन महिन्यांनी आमच्या गल्लीतल्या एका मैत्रिणीचे अगदी याच रीतीने ११,००० रुपये गेले. तसाच आदबशीर आवाज, तसेच पाच रुपये आणि तसेच ते चित्र. तिने गोधड्या शिवून ते पैसे साठवले होते. ती आज इथे पुढच्या रांगेत बसली आहे आणि तिला विचारूनच मी हे सांगते आहे. मी दोन महिन्यांपूर्वी तोंड उघडले असते, तर तिचे पैसे वाचले असते.

तेही मी तिला लगेच सांगितले नाही. आणखी काही आठवडे गेले. त्या दिवसांत मी 'स्मृतिचित्रे' वाचत होते. एवढी मोठी बाई आपली फजिती साऱ्या महाराष्ट्राला सांगते आणि मी आपल्या शेजारणीला सांगू शकत नाही, याची मला लाज वाटली. एका संध्याकाळी तिच्या ओट्यावर जाऊन बसले आणि सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले. मग एवढेच म्हणाली, "वैनी, आधी सांगितलं असतंत तर." पुढे आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिचे काही चुकले असे मला वाटत नाही. नवव्या दिवशी फोन घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "हे काय आलंय, बघा जरा." आम्ही दोघी मिळून माझ्या मुलीकडे गेलो. मुलगी हसली नाही. तिने शांतपणे समजावून सांगितले. मी उगाच इतके दिवस भ्यायले होते.

तेव्हा भगिनींनो, पदराला गाठ मारून ठेवा. पिन लागतो तो पैसे देताना किंवा खात्यातली शिल्लक पाहताना. पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. घ्यायचे आहेत म्हणून जो पिन टाकायला सांगतो, तो चोर. आणि झालेच चुकून, तर त्याच घटकेला १९३० या नंबरवर फोन करा आणि आपल्या बँकेला कळवा. पैसे पुढे कुणी काढून नेण्याआधी कळले तर ते अडवता येण्याची आशा असते. माझे चार दिवस रडण्यात गेले आणि तिचे दोन. आम्हा दोघींना हा नंबर ठाऊक नव्हता.

मी इतकी पुस्तके, चित्रपट आणि ॲप सांगितली. त्यातले सगळे तुम्ही कराल असे नाही आणि करावे असेही नाही. पण एक विनंती आहे. आपल्या मासिक सभेत हळदीकुंकू होते, भिशी होते, पाककृती होतात. त्यात अर्धा तास विचारण्याचा ठेवूया. ज्या बाईला जे कळले नाही ते तिने विचारावे. फोनमधले असो, दवाखान्याच्या कागदावरचे असो की पुस्तकातले असो. येत असेल तिने सांगावे, आणि कुणाला येत नसेल तर शिकलेल्या मुलीला बोलवावे. नियम एकच, की कुणी हसायचे नाही. आणि कोपऱ्यातल्या त्या कपाटाचा एक कप्पा पुस्तकांसाठी मोकळा करून द्यावा. माझी 'स्मृतिचित्रे'ची प्रत मी आज आणली आहे. पहिले पुस्तक म्हणून ती मंडळाला देते. शेवटच्या पानावर हळदीचा डाग आहे, तेवढा सांभाळून घ्यावा.

पहिल्या सभेत पहिला प्रश्न मीच विचारणार आहे. वीजबिलावर तो 'स्थिर आकार' म्हणून जो असतो, तो कशाचा, हे मला अजून कळलेले नाही.

 चहा आज दुसऱ्या कुणी केला आहे. साखर कमी असली तर मला बोलू नका.